पत्ता वापरात, मुदत संपलेली: सांगलीच्या एका पतसंस्थेतील व्हीपीएन पत्ते व पोर्ट वाटपाचे प्रकरण

सांगलीत मुख्य कार्यालय आणि जिल्हाभर शाखा असलेल्या एका पतसंस्थेच्या अंतर्गत लेखापरीक्षकांनी दिवसअखेरच्या नोंदी तपासताना एक विसंगती समोर आणली. कवठेमहांकाळच्या एका पिग्मी प्रतिनिधीने संध्याकाळी चढवलेल्या भरण्यांवर प्रतिनिधीचे नाव, खातेक्रमांक आणि रकमा तंतोतंत बरोबर होत्या. टर्मिनल क्रमांक मात्र जत शाखेतील दुसऱ्या काउंटरचा होता. पैशाचा घोळ झालेला नव्हता. तरीही आक्षेप गंभीर होता, कारण नोंद कोठून झाली हे ज्या रकान्यावरून ठरते तोच रकाना चुकीचा असेल, तर उद्या खरोखरच वाद उभा राहिल्यावर संस्थेकडे दाखवायला पुरावा उरत नाही.

शाखा मुख्य कार्यालयाशी व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरच्या सुरक्षित खासगी मार्गाने, जोडलेल्या होत्या. जत शाखेकडून त्याआधीपासूनच एक वेगळी तक्रार येत होती. तेथील शाखाधिकारी मॅडमचा फोन बहुधा संध्याकाळी, रोख मोजणीच्या वेळी यायचा: ‘साहेब, व्हीपीएनचं चिन्ह हिरवं आहे, पण प्रणाली हलतच नाही. बंद करून परत जोडलं की चालतं, आणि एखाद-दोन तासांनी पुन्हा तेच.’ विट्याची तक्रार तिसरीच होती. तेथे सकाळी जोडणी करताना पासवर्ड बरोबर असूनही ‘हा वापरकर्ता आधीच जोडलेला आहे’ असे उत्तर येई, आणि मुख्य कार्यालयातील एका कर्मचाऱ्याला रोज सकाळी उघड्या राहिलेल्या जुन्या नोंदी हाताने बंद कराव्या लागत.

संस्थेने या तीन तक्रारी तीन ठिकाणी सोपवल्या होत्या. पहिली लेखा विभागाकडे गेली, दुसरी मोबाइल सेवेचा दोष म्हणून सिमकार्ड बदलण्यापर्यंत पोहोचली आणि तिसरी पासवर्डचा प्रश्न समजून कर्मचाऱ्यांना सूचना देण्यात संपली. आमच्याकडे हे काम आले तेव्हा तिन्ही कागद प्रथमच एका टेबलावर आले, आणि तिन्हींचे मूळ एकच असावे असा संशय घ्यायला एवढे पुरेसे होते.

रचना कशी होती

२०१९ च्या महापुरानंतर या संस्थेने आपली सर्व्हरची खोली तळमजल्यावरून वरच्या मजल्यावर नेली, आणि पुढे जुने यंत्र बदलून नव्या यंत्रावर ओपनव्हीपीएन या व्हीपीएन सॉफ्टवेअरची २.५ ही आवृत्ती बसवली, त्यापूर्वी २.३ होती. शाखांतील प्रत्येक काउंटरचा संगणक आणि प्रत्येक पिग्मी प्रतिनिधीचा मोबाइल संच स्वतःच्या वापरकर्तानावाने या एकाच सर्व्हरला यूडीपीवरून (पोच न मागता पाकिटे पाठवण्याच्या पद्धतीने), ११९४ या नेहमीच्या पोर्टवर जोडला जाई; पोर्ट म्हणजे एकाच पत्त्यावरील वेगवेगळ्या जोडण्या ओळखण्याचा आकडा. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या पूर्व भागातील शाखा मुख्यतः सिमच्या राउटरवर चालत.

पासवर्ड तपासण्याचे काम फ्रीरेडियस (पुढे नुसते रेडियस) या सर्व्हरकडे होते आणि त्याच्या नोंदी मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये राहत. ओपनव्हीपीएन आणि रेडियस यांच्यामध्ये सेवादाराने, म्हणजे ही यंत्रणा बसवून देणाऱ्याने, लिहिलेले एक छोटे मॉड्यूल (जोड-प्रोग्राम) होते. कोणी जोडणी मागितली की हे मॉड्यूल रेडियसला विचारी. रेडियस पासवर्ड तपासून होकार देताना आपल्या सामायिक पूलमधील (वाटपासाठी राखलेल्या पत्त्यांच्या साठ्यातील) एक आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यावर यंत्र ओळखण्याचा क्रमांक, तासाभराच्या मुदतीने त्या वापरकर्त्याच्या नावे लावून देई. मॉड्यूल तो पत्ता वापरकर्त्याच्या नावाच्या फाइलीत लिही आणि ओपनव्हीपीएन जोडणीच्या वेळी ती फाइल वाचून पत्ता बहाल करी. जोडणी चालू असेपर्यंत मॉड्यूल ठरावीक अंतराने ओपनव्हीपीएनची स्थिती-फाइल (चालू जोडण्यांची यादी) वाचून रेडियसला ‘हे सत्र अजून चालू आहे’ असे हिशेबी निरोप पाठवी आणि त्या प्रत्येक निरोपाबरोबर पत्त्याची मुदत पुढे सरके. जोडणी तुटली की शेवटचा निरोप जाई आणि पत्ता मोकळा होई. बँकिंग प्रणाली सकाळी लॉगिन होताना त्या पत्त्याची टर्मिनल क्रमांकाशी गाठ घाली आणि ती गाठ दिवसभर तशीच ठेवी.

कागदावर ही रचना नेटकी आहे. पासवर्ड आणि पत्ता दोन्ही एकाच ठिकाणाहून दिले जातात हा तिचा मोठा गुण, आणि सेवादाराने ती निवडली यात गैर काही नव्हते. दोष होता तो मॉड्यूल कोणत्या खुणेवरून सत्र ओळखत होते त्यात.

पोर्ट नावाच्या तीन गोष्टी

येथे थोडे थांबणे भाग आहे, कारण संस्थेतील प्रत्येक बैठकीत ‘पोर्ट’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टींवर चर्चा होत होती. पहिला सर्व्हरचा ११९४. तो स्थिर आहे आणि त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही. दुसरा ग्राहकाच्या बाजूचा, म्हणजे माहितीचे पाकीट ज्या पोर्टवरून आलेले सर्व्हरला दिसते तो. सिमच्या राउटरमागे बसलेल्या संगणकाचा हा पोर्ट त्याचा स्वतःचा नसतो. मोबाइल कंपनी असंख्य ग्राहकांना थोडक्या सार्वजनिक पत्त्यांमागे बसवते आणि प्रत्येकाला पोर्टचा एक आकडा तात्पुरता देते. यूडीपीची अशी तात्पुरती गाठ काही काळ वाहतूक नसेल तर सोडून दिली जाते. ही गाठ दोन मिनिटांच्या आत तोडू नये आणि शक्यतो पाच मिनिटे ठेवावी, असे २००७ च्या आरएफसी ४७८७ मध्ये म्हटले आहे (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचे क्रमांकित दस्तऐवज).

तिसरा रेडियसचा ‘नॅस-पोर्ट’. जून २००० च्या आरएफसी २८६५ मध्ये त्याची व्याख्या करतानाच हा टीसीपी किंवा यूडीपीचा पोर्ट नव्हे, तर प्रवेश देणाऱ्या यंत्रावरची प्रत्यक्ष जोडणीची जागा आहे, असा खुलासा दिला आहे. टेलिफोन मोडेमच्या काळात यंत्राच्या मागे खरोखरच क्रमांक घातलेली भोके असत आणि कोणता ग्राहक कोणत्या भोकात आहे ते हा आकडा सांगे. व्हीपीएनमध्ये अशी भोके नसल्याने आकडा सॉफ्टवेअरनेच द्यावा लागतो. बँकेच्या रोख खिडकीवर पूर्वी पितळी टोकन मिळे, तसा हा आकडा: व्यवहार चालू असेपर्यंत तुमचा, संपला की खिडकीत परत. सेवादाराचे मॉड्यूल एकपासून मोजत जाऊन सर्वांत लहान मोकळा आकडा देई.

हा आकडा केवळ शोभेचा नाही. फ्रीरेडियसच्या पूलमध्ये एखाद्या पत्त्याची मुदत नेमकी कोणत्या जोडणीच्या नावे आहे हे ओळखण्यासाठी जी किल्ली वापरली जाते, ती मूळ संरचनेत नॅस-पोर्ट हीच असते. मुदत वाढवण्याचा निरोप आला की यंत्राचा पत्ता, ही किल्ली, वापरकर्त्याचे नाव, समोरच्याचा बाहेरचा पत्ता आणि दिलेला पत्ता, हे सर्व जुळले तरच ओळ पुढे सरकते. एक जरी रकाना जुळला नाही तर त्या आज्ञेने शून्य ओळी बदलतात, आणि शून्य ओळी बदलणे ही डेटाबेसच्या लेखी चूक नसल्यामुळे तिकडे कोणाचे लक्ष जात नाही.

तीन वह्या एकाच वेळी

आम्ही एका संध्याकाळी जतचा काउंटर पुन्हा अडकला त्याच क्षणी तीन ठिकाणची स्थिती काढून शेजारी शेजारी मांडली. या प्रकरणात खरा उलगडा झाला तो येथेच.

ओपनव्हीपीएनच्या स्थिती-फाइलीत जतचा दुसरा काउंटर १०.६०.०.४७ या पत्त्यावर, सकाळपासून एकाच सलग जोडणीत होता आणि त्याचा बाहेरचा पोर्ट ४०२१३ दिसत होता. मॉड्यूलच्या स्वतःच्या तक्त्यात याच वापरकर्त्याच्या दोन ओळी होत्या: एक ५१८७७ या पोर्टची, नॅस-पोर्ट ६, पत्ता ४७, दुसरी ४०२१३ ची, नॅस-पोर्ट ११, पत्ता ४८. रेडियसच्या पूलमध्ये ४८ हा पत्ता जतच्या नावे होता आणि ४७ होता कवठेमहांकाळच्या प्रतिनिधीच्या नावे. सर्व्हरच्या लॉगमध्ये जतकडून आलेल्या प्रत्येक पाकिटामागे एकच ओळ उमटत होती: ‘बॅड सोर्स ॲड्रेस फ्रॉम क्लायंट, पॅकेट ड्रॉप्ड’.

म्हणजे जतचा संगणक ४७ वापरत होता पण तो त्याच्या नावे नव्हता; ४८ त्याच्या नावे होता पण तो कोणीच वापरत नव्हते. प्रतिनिधीला ४७ नव्याने मिळताच ओपनव्हीपीएनने त्या पत्त्याचा मार्ग नव्या जोडणीकडे वळवला आणि जतची पाकिटे परक्याच्या पत्त्यावरून आलेली समजून टाकून दिली. जोडणी मात्र तुटली नव्हती, म्हणून चिन्ह हिरवेच राहिले. बँकिंग प्रणालीच्या लेखी ४७ म्हणजे सकाळपासून जतचा दुसरा काउंटर, त्यामुळे प्रतिनिधीचे भरणे त्या टर्मिनलच्या नावे चढले.

उरला प्रश्न, सकाळी ५१८७७ असलेला पोर्ट ४०२१३ कधी झाला, आणि त्याने इतके काय बिघडले.

मोबाइल डेटा वाचावा म्हणून सेवादाराने जोडणी जिवंत ठेवणारे रिकामे निरोप पाच मिनिटांहून अधिक अंतराने पाठवण्याची व्यवस्था केली होती. दुपारच्या सुट्टीत काउंटरवर काम नसले की तेवढ्या वेळात मोबाइल कंपनीकडील गाठ सुटे आणि पुढचे पाकीट नव्या पोर्टवरून येई. ओपनव्हीपीएनमध्ये २.४ पासून प्रत्येक जोडणीला एक अंतर्गत क्रमांक असतो आणि पाकिटावर तो क्रमांक येत असल्याने, बाहेरचा पत्ता किंवा पोर्ट बदलला तरी सर्व्हर जोडणी ओळखतो आणि ती न तोडता पुढे चालवतो. ही सोय अतिशय उपयुक्त आहे. मॉड्यूल मात्र सत्र ओळखत होते ते बाहेरचा पत्ता आणि बाहेरचा पोर्ट यांच्या जोडीवरूनच.

त्यामुळे पोर्ट बदलल्या क्षणापासून स्थिती-फाइलीतील ओळ मॉड्यूलला अनोळखी झाली आणि ४७ ची मुदत वाढवणारे निरोप थांबले. ओपनव्हीपीएन मुळातच दर ३६०० सेकंदांनी सुरक्षेच्या किल्ल्या नव्याने ठरवते आणि त्या वेळी वापरकर्त्याची पडताळणी पुन्हा करते. ओळखीच्या सत्राची अशी फेरपडताळणी मॉड्यूल जुन्या ओळीवरच भागवी. हे सत्र मात्र त्याला नवे वाटले, म्हणून त्याने रेडियसला पूर्ण नवी विनंती केली, नवा नॅस-पोर्ट काढला आणि नवा पत्ता मिळवला. तो पत्ता फाइलीत लिहिला गेला, पण ती फाइल केवळ जोडणीच्या आरंभी वाचली जाते; फेरपडताळणीच्या वेळी नाही. पुढचे सर्व निरोप ४८ च्या नावे जाऊ लागले, आणि ४७ ची मुदत निमूटपणे संपली.

हे दिवसा का घडत नसे, यालाही उत्तर सापडले. रेडियसचा पूल पत्ता निवडताना त्याच वापरकर्त्याच्या जुन्या पत्त्याला पसंती देतो, आणि तसा मोकळा नसेल तर सर्वांत आधी मुदत संपलेला पत्ता उचलतो. नुकताच सुटलेला पत्ता त्यामुळे रांगेत शेवटी असतो. पूल मात्र संचांच्या संख्येपेक्षा जेमतेमच मोठा ठेवला होता, आणि त्यातही न वापरलेले पत्ते असे नाहक अडकून पडत. संध्याकाळी सगळे पिग्मी प्रतिनिधी एकदम जोडले जात तेव्हा रांगेचा शेवट गाठला जाई, आणि तेथे जतचा ४७ उभा असे.

विट्याचे कोडे याच्याच उलट बाजूने सुटले. जोडणी संपताना ओपनव्हीपीएन मॉड्यूलला बाहेरचा जो पोर्ट कळवते तो शेवटचा, म्हणजे बदललेला असतो. मॉड्यूल त्यावरून दुसरी ओळ शोधून तिच्या क्रमांकाने समाप्तीचा निरोप पाठवी. रेडियसच्या हिशेबात आरंभ झाला होता पहिल्या क्रमांकाने. ती ओळ उघडीच राही. शाखांच्या वापरकर्त्यांना एका वेळी दोन जोडण्यांची मर्यादा दिलेली होती, जेणेकरून एका मार्गावरून दुसऱ्यावर जाताना अडचण येऊ नये. अशा दोन उघड्या ओळी साचल्या की मर्यादा भरली आणि खऱ्या वापरकर्त्याला दार बंद झाले. विट्याच्या कर्मचाऱ्यांनी पासवर्ड विसरल्याबद्दल बोलणी खाल्ली, आणि त्यांचा पासवर्ड एकदाही चुकलेला नव्हता. हे संस्थेच्या बैठकीत आम्ही आवर्जून सांगितले आणि इतिवृत्तात नोंदवून घेतले.

जुन्या यंत्रावर हे का दिसले नाही

मॉड्यूल वर्षानुवर्षे चालत होते आणि त्यात कोणी हात लावला नव्हता, हा सेवादाराचा मुद्दा खरा होता. २.३ च्या काळात बाहेरचा पोर्ट बदलला की जोडणी सरळ तुटे. ग्राहक पुन्हा जोडला जाई, त्याच नावाची जुनी जोडणी सर्व्हर बंद करी आणि ती बंद होताना तिचा मूळचा पोर्टच मॉड्यूलला कळे. हिशेब जुळे. म्हणजे लाइन सतत तुटत होती म्हणून वह्या स्वच्छ राहत होत्या. नव्या आवृत्तीने लाइन स्थिर केली, शाखांनी समाधान व्यक्त केले, आणि जी साफसफाई तुटण्यातून आपोआप होत होती ती थांबली. आवृत्ती बदलताना जोडणी होते का, पासवर्ड चालतो का, वेग किती मिळतो, एवढेच तपासले गेले. चालू जोडणीखालून बाहेरचा पोर्ट बदलला तर काय होते, ही चाचणी कोणाच्या यादीत नव्हती. माझ्या मते मोबाइलवर अवलंबून असलेल्या कोणत्याही संस्थेत ती यादीत पहिली असायला हवी.

दुरुस्ती

पहिला सोपा उपाय पुढे आला तो पूल मोठा करण्याचा. त्याने तक्रारी कदाचित थांबल्या असत्या, पण वापरात असलेला पत्ता रेडियसच्या लेखी बेवारस राहण्याचा मूळ दोष तसाच राहून पुढे कधीतरी अधिक अडचणीच्या दिवशी वर आला असता. जिवंत निरोपांचे अंतर कमी करणे हा दुसरा उपाय आम्ही लगेच केला: दर दहा सेकंदांनी निरोप, आणि साठ सेकंद उत्तर नसेल तर ग्राहकाने नव्याने जोडणी करावी; सर्व्हरची बाजू तोच काळ दुप्पट, म्हणजे १२० सेकंद धरते. डेटाचा खर्च किंचित वाढला. पोर्ट बदलण्याचे प्रमाण त्याने खूप घटते, तरी ते शून्य होत नाही, कारण राउटरने मोबाइल जाळ्याशी नव्याने संपर्क साधला की पत्ताच बदलू शकतो. म्हणून मॉड्यूलची सत्र ओळखण्याची किल्लीच बदलणे अटळ होते.

नवी किल्ली वापरकर्त्याचे नाव आणि जोडणीच्या आरंभाची सेकंदांतील वेळ यांची केली. ओपनव्हीपीएन ही वेळ आरंभी आणि समाप्तीला, दोन्ही वेळा मॉड्यूलला देते, आणि स्थिती-फाइलीच्या दुसऱ्या प्रकारच्या मांडणीत तीच वेळ स्वतंत्र रकान्यात असते. बाहेरचा पत्ता कितीही वेळा बदलला तरी ही जोडी बदलत नाही. एका नावाने एका वेळी एकच जोडणी चालेल, ही ओपनव्हीपीएनची मूळची शिस्त आम्ही कायम ठेवली. ती सैल केली असती तर ही किल्लीही निर्धोक राहिली नसती.

त्यापेक्षा महत्त्वाचा बदल कामाच्या वाटणीत होता. पडताळणीच्या पायरीवर आता केवळ ‘हो’ किंवा ‘नाही’ ठरते. नॅस-पोर्ट देणे, सत्राचा क्रमांक तयार करणे आणि आरंभाचा निरोप पाठवणे हे सर्व जोडणी प्रत्यक्ष झाल्यानंतरच्या पायरीवर नेले, कारण ती पायरी एका जोडणीत एकदाच येते, तर पडताळणी दर तासाला येऊ शकते. वारंवार होऊ शकणाऱ्या पायरीवर मोजकी वस्तू वाटू नये, इतके साधे हे तत्त्व आहे आणि मूळ मॉड्यूलमध्ये तेच सुटले होते. दर तासाच्या फेरपडताळणीसाठी ओपनव्हीपीएनची स्वतःची टोकनची (एकदा पडताळणी झाल्याच्या तात्पुरत्या खुणेची) सोय सुरू केली, त्यामुळे तो प्रश्न सर्व्हर स्वतःच सोडवतो आणि रेडियसपर्यंत जातच नाही. याची एक किंमत आहे: दिवसाच्या मध्येच एखाद्या प्रतिनिधीचे खाते बंद केले तर चालू जोडणी आपोआप तुटत नाही, ती व्यवस्थापन कन्सोलवरून वेगळी तोडावी लागते. व्यवस्थापकांना हे लेखी कळवले आणि खाते बंद करण्याच्या अर्जावर त्या पायरीसाठी एक रकाना वाढवून घेतला.

पत्त्यांबाबत आमचे मत असे होते की पत्ता कोण वापरत आहे हे ज्याला प्रत्यक्ष दिसते त्यानेच तो द्यावा. ओपनव्हीपीएनला दिसते, रेडियसला केवळ कळवले जाते. म्हणून मुदतीचा पूल बंद केला. शाखांच्या काउंटरना रेडियसमध्ये त्यांच्या नावापुढेच कायमचा पत्ता लिहून ठेवला. तो कितीही वेळा विचारला तरी उत्तर एकच येते, त्यात संपणारे किंवा मोकळे करण्यासारखे काही नाही. प्रतिनिधींच्या संचांना ओपनव्हीपीएनचा स्वतःचा पूल पत्ता देतो. तो पूल चालू जोडणीचा पत्ता दुसऱ्याला देत नाही, त्याच नावाला शक्यतो जुनाच पत्ता देतो आणि तसे जमले नाही तर सर्वांत आधी मोकळा झालेला निवडतो. रेडियसला मिळालेला पत्ता हिशेबाच्या निरोपातून कळतो. दोन्ही पट्टे एकमेकांपासून पूर्ण वेगळे ठेवले: काउंटरसाठी १०.६०.०.१० ते ९९ आणि प्रतिनिधींसाठी १२८ पासून पुढे. कायमचा पत्ता चुकून पूलच्या पट्ट्यात पडला तर ओपनव्हीपीएन तो आपणहून राखून ठेवत नाही आणि पुन्हा तोच गोंधळ उभा राहतो, म्हणून नवा काउंटर नोंदवताना ही मर्यादा तपासणारी एक छोटी आज्ञा नोंदणीच्या अर्जामागेच बसवली.

सर्वच प्रतिनिधींना कायमचे पत्ते द्यावेत, असा संचालक मंडळातील काहींचा आग्रह होता. आम्ही तो मान्य केला नाही. संच बदलतात, हरवतात, प्रतिनिधी काम सोडतात. माणसाची ओळख त्याच्या नावाने आणि पासवर्डने व्हावी, पत्त्याने नव्हे. काउंटरना कायमचा पत्ता दिला तो बँकिंग प्रणाली पत्त्यावरून टर्मिनल ओळखते म्हणून, आणि तेवढ्यापुरताच.

नॅस-पोर्टबाबत एक बारीक सुधारणा केली. सर्वांत लहान मोकळा आकडा लगेच पुन्हा देण्याऐवजी, सर्वांत जास्त काळ मोकळा पडलेला आकडा द्यायचा. रेडियसचे हिशेबी निरोप यूडीपीवरून जातात, पोच मिळाली नाही तर पुन्हा पाठवले जातात, आणि एखादा समाप्तीचा निरोप उशिरा पोहोचू शकतो. तोपर्यंत तोच आकडा दुसऱ्याला गेला असेल तर उशिरा आलेला निरोप भलत्याच सत्राची नोंद पुसू शकतो. याखेरीज मॉड्यूल दर काही मिनिटांनी स्थिती-फाइलीशी आपला तक्ता ताडून पाहते, आणि जे सत्र प्रत्यक्षात उरलेले नाही त्याची ओळ कारणासह बंद करते. वीज जाऊन सर्व्हरच बंद पडला तर पुन्हा सुरू होताना प्रथम ‘यंत्र नव्याने सुरू झाले’ हा निरोप रेडियसला जातो, ज्याने त्या यंत्राच्या सर्व उघड्या नोंदी एकदम मिटतात. त्यानंतरच पहिल्या ग्राहकाला आत घेतले जाते. निरोपांचा हा प्रकार आरएफसी २८६६ मध्ये आधीपासून आहे, मूळ मॉड्यूल तो पाठवतच नव्हते.

बदल रविवारी बसवला आणि चाचणी जत शाखेतच घेतली, कारण दोष तेथे दिसला होता. मॅडमनी सुट्टीच्या दिवशी शाखा उघडून दिली. चालू व्यवहारात राउटरमधील सिम काढून पुन्हा घातले, बाहेरचा पत्ता आणि पोर्ट दोन्ही बदलले, आणि सांगलीत आम्ही तिन्ही वह्या पाहत होतो. पत्ता तोच, नॅस-पोर्ट तोच, सत्राचा क्रमांक तोच. बदलला तो केवळ बाहेरचा पत्ता, आणि तो बदल वेळेसह नव्या रकान्यात उमटला.

नोंदी आणि जे बाकी आहे

हा नवा रकाना लेखापरीक्षकांच्या आग्रहाने आला आणि त्यांचा आग्रह योग्य होता. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या संगणक प्रणालींचे लॉग १८० दिवस राखणे बंधनकारक आहे. व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांसाठी असलेली ग्राहकांची माहिती पाच वर्षे ठेवण्याची अट संस्थेच्या अंतर्गत व्हीपीएनला लागू नाही, हे सर्ट-इनच्याच खुलाशात आहे. परंतु १८० दिवसांचे लॉग ठेवायचे तर त्यातून काही सिद्ध झाले पाहिजे. मोबाइल कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे अनेक ग्राहक असतात, त्यामुळे पोर्ट आणि नेमकी वेळ यांशिवाय नुसता बाहेरचा पत्ता कोणाकडेही बोट दाखवू शकत नाही. आता प्रत्येक सत्रापुढे आरंभीचा बाहेरचा पत्ता व पोर्ट, मध्ये झालेले बदल, दिलेला आतला पत्ता आणि समाप्तीचे कारण अशी सलग साखळी राहते, आणि सर्व यंत्रांची घड्याळे एकाच वेळ-सर्व्हरशी जुळवलेली आहेत.

लेखापरीक्षकांनी आक्षेप घेतलेल्या नोंदींना जुन्या लॉगच्या आधारे खुलासा जोडण्यात आला. नोंदी बदलल्या नाहीत. बँकिंग प्रणालीने टर्मिनल क्रमांक पत्त्याऐवजी लॉगिनवरून ठरवावा, ही मागणी प्रणालीच्या पुरवठादाराकडे लेखी गेली आहे आणि तिचे काम अजून व्हायचे आहे. तोपर्यंत १० ते ९९ या पट्ट्याबाहेरच्या कोणत्याही पत्त्याला काउंटरचा टर्मिनल क्रमांक मिळणार नाही, अशी अट प्रणालीत घालून घेतली आहे, आणि ती मोडण्याचा प्रयत्न झाला तर त्याची नोंद त्याच संध्याकाळी लेखा विभागाकडे जाते.